टकरी थांबल्यावर फार्मने काय करावे?

खानापूर तालुक्यातून येऊन बेळगावात संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला आहे. सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या प्रयोगांमध्ये डिटेक्टरजवळ (कणांच्या टकरी टिपणाऱ्या उपकरणाजवळ) बसवलेला संगणकांचा एक मोठा फार्म टकरींची तत्काळ छाननी करतो आणि जगभर पसरलेले दुसरे संगणक तोच डेटा पुढे महिनोन्‌महिने सवडीने हाताळतात. कणांना वेग देणारा त्वरक बंद असतो तेव्हा पहिला फार्म रिकामा बसतो, दुसरीकडे मात्र कामांची रांग कधीच संपत नाही. मग दोन्हींसाठी एकच यंत्रणा का ठेवत नाहीत, आणि या विषयावर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील पंचवीस-तीस संगणकांवर काही प्रकल्प करता येईल का, असे त्याने विचारले आहे. मी स्वतः बेळगावचाच असून अनेक वर्षे अशा एका प्रयोगाच्या संगणन गटात काम केले आहे, आणि या दोन्ही बाजूंच्या रांगा सांभाळण्याची पाळी माझ्यावर आलेली आहे. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

एकत्रित वापर आज होतो, आणि गेल्या दशकभरात तो बराच वाढला आहे. तरीही प्रश्नात जे गृहीत धरले आहे, म्हणजे रिकामे संगणक दिसले की काम लावून मोकळे व्हावे, तेवढे ते सोपे नाही. संगणक उसना देणे सोपे असते. तो ठरलेल्या मिनिटाला, हमखास आणि पूर्वीच्याच अवस्थेत परत मिळवणे कठीण असते. या क्षेत्रातील बहुतेक सगळी रचना त्या परत मिळवण्याभोवतीच उभी राहिली आहे.

आधी आकडे पाहू. लार्ज हॅड्रॉन कोलायडर या 27 किलोमीटर परिघाच्या त्वरकात प्रोटॉनचे पुंज 25 नॅनोसेकंदांच्या अंतराने एकमेकांतून जातात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त 4 कोटी वेळा. हा सगळा डेटा साठवणे अशक्य असल्यामुळे सीएमएस आणि ॲटलस या दोन मोठ्या प्रयोगांत ट्रिगरचा, म्हणजे छाननी यंत्रणेचा, पहिला थर, जो खास बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक्सचा असतो, काही मायक्रोसेकंदांत निर्णय घेऊन सेकंदाला सुमारे 1 लाख घटनाच पुढे पाठवतो. (घटना म्हणजे पुंजांच्या एका छेदनाची, म्हणजे एकदा एकमेकांतून जाण्याची, नोंद.) एका घटनेचा डेटा ढोबळमानाने 1 मेगाबाइट धरला तरी हा प्रवाह सेकंदाला 100 गिगाबाइटचा होतो, आणि तो थेट हाय लेव्हल ट्रिगर नावाच्या संगणक-फार्मवर येतो. 2022 मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या पर्वासाठी (पर्व म्हणजे दोन दीर्घ थांब्यांमधला टकरींचा काळ) सीएमएसने जो फार्म उभारला त्यात 200 सर्व्हर होते आणि प्रत्येकात 64 कोअरचे दोन प्रोसेसर व दोन जीपीयू (समांतर गणिताचे प्रोसेसर) होते. एकूण 25,600 कोअर, आणि प्रत्येक कोअरवर एकाच वेळी चालणारे दोन धागे (थ्रेड) धरले तर 51,200 धागे. सेकंदाला 1 लाख घटना 51,200 धाग्यांत वाटल्या, तर एका घटनेच्या वाट्याला सरासरी अर्ध्या सेकंदापेक्षा थोडासा जास्त वेळ येतो. एवढ्या वेळात कणांचे मार्ग शोधायचे, ऊर्जा मोजायची आणि घटना ठेवायची की टाकायची हे ठरवायचे.

हा अर्धा सेकंद सरासरीचा आहे. एखाद्या गुंतागुंतीच्या घटनेला पाच सेकंद लागले तर काही बिघडत नाही, कारण इतर घटना लवकर आटोपलेल्या असतात. पण सरासरीच वाढली तर आधी बफर भरतात, मग वाचनाची साखळी मागे तुंबते, आणि शेवटी पहिल्या थराच्या ट्रिगरला थांबावे लागते. त्याला आम्ही डेड टाइम म्हणतो. त्या काळात झालेली टक्कर कायमची गेली. तिला पुन्हा रांगेत लावता येत नाही.

दुसऱ्या बाजूची कामे याच्या अगदी उलट स्वभावाची आहेत. निवडलेल्या घटनांची अधिक काटेकोर पुनर्रचना, डिटेक्टरच्या सुधारित अंशांकनानंतर (कॅलिब्रेशननंतर) तीच पुनर्रचना पुन्हा, आणि सिद्धान्तानुसार टक्कर कशी दिसली असती याचे कोट्यवधी घटनांचे सिम्युलेशन, अशी ही कामे असतात. सीएमएसमध्ये नव्या डेटाची पहिली पूर्ण पुनर्रचनासुद्धा मुद्दाम सुमारे 48 तास थांबवून ठेवतात, कारण तेवढ्या वेळात त्या दिवसाचे अंशांकन तयार होते. ही कामे जगातील 40 हून अधिक देशांतल्या सुमारे 170 केंद्रांच्या जाळ्यावर चालतात. आपल्या देशात सीएमएससाठी मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि ॲलिस या आणखी एका प्रयोगासाठी कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर अशी केंद्रे चालवतात. एखादे काम अर्ध्यात मेले तर पुन्हा लावता येते; चार दिवस उशीर झाला तर कुणीतरी कुरकुर करतो, इतकेच.

चिकोडी, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात ज्याचे घर आहे त्याला हा फरक साखर कारखान्यावरून लवकर कळेल. तोडलेला ऊस थांबत नाही. भरलेली गाडी कारखान्याच्या आवारात दोन दिवस उभी राहिली तर वजनही घटते आणि उताराही घटतो. बगॅसचे, म्हणजे उसाच्या चोथ्याचे, तसे नसते. ज्या कारखान्यांत सहवीजनिर्मिती आहे तिथे हंगामात साठवलेल्या बगॅसवर गाळप संपल्यानंतरही काही काळ तोच बॉयलर आणि तेच टर्बाइन चालवून वीज विकता येते. बॉयलर एकच असला तरी उसाला मुदत असते आणि बगॅसला नसते. शिवाय बाहेरच्या माणसाला जो काळ रिकामा वाटतो तो कारखान्यातल्या फिटरला रिकामा वाटत नाही, कारण नळ्या, झडपा, रोलर यांची सगळी दुरुस्ती त्याच काळात उरकायची असते. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. फार्मच्या बाबतीतही वाद तिथेच होतात.

फार्म रिकामा नेमका कधी असतो, तेही नीट पाहायला हवे. त्वरकात एकदा पुंज भरले की त्या भरणीवर दहा-बारा तास टकरी चालू राहू शकतात. मग पुंज काढून टाकायचे, चुंबक खाली आणायचे, नवे पुंज भरायचे, ऊर्जा वाढवायची, यात सगळे सुरळीत झाले तरी दोन तास आणि काही बिघडले तर कितीही. चांगल्या वर्षांतसुद्धा भौतिकीसाठी राखलेल्या काळापैकी साधारण निम्मा वेळच प्रत्यक्ष टकरींचा असतो. याखेरीज काही दिवसांचे तांत्रिक थांबे, दर हिवाळ्यातील काही आठवड्यांचा थांबा, आणि काही वर्षांनी येणारा दोन-तीन वर्षांचा दीर्घ थांबा. थोडक्यात, फुरसत तीन मापांची असते: तासांची, आठवड्यांची आणि वर्षांची. या तिन्हींसाठी एकच उपाय शोधणारे लोक सहसा फसतात.

वर्षांची फुरसत सर्वांत सोपी. 2013 ते 2015 या पहिल्या दीर्घ थांब्यात सीएमएसने आपल्या ट्रिगर फार्मवर ओपनस्टॅक हे सॉफ्टवेअर वापरून आभासी यंत्रांचा एक क्लाउड उभारला, ॲटलसनेही आपल्या फार्मवर तशीच व्यवस्था करून सिम्युलेशन चालवले, आणि एलएचसीबी या चौथ्या प्रयोगाने आपल्या डिरॅक या कार्यवाटप प्रणालीच्या मदतीने सिम्युलेशनच चालवले. आभासी यंत्रे निवडण्याचे कारण सुरक्षिततेचे होते. डिटेक्टर चालवणारे जाळे बाहेरच्या जगापासून बंद ठेवलेले असते, तर सवडीच्या कामांना सॉफ्टवेअर, अंशांकनाची माहिती आणि निकाल पाठवण्यासाठी बाहेर जावेच लागते. एकाच सर्व्हरवर दोन वेगळी आभासी जाळी ठेवली की मूळ यंत्राला हात न लावता पाहुण्याला वेगळ्या दाराने ये-जा करता येते. आणि सिम्युलेशनच का निवडले? त्याला आत येणारा डेटा जवळजवळ लागत नाही, प्रोसेसर मात्र भरपूर लागतो, आणि बाहेर जाणारा निकाल हळूहळू गेला तरी चालतो. पुनर्रचनेला मोठ्या फाइली ओढून आणाव्या लागतात, आणि डिटेक्टरच्या स्थानकापासून मुख्य संगणन केंद्रापर्यंतची वाहिनी मुळात उलट दिशेच्या प्रवाहासाठी आखलेली असते.

खरी परीक्षा तासांच्या फुरसतीत होते. ढोबळ हिशेब करून पाहू. 50,000 धाग्यांचा फार्म दोन तास मोकळा मिळाला तर हाती 1 लाख धागा-तास येतात. त्यावर प्रत्येकी एक तासाची कामे लावली आणि वेळ संपल्यावर उरलेली सगळी मारून टाकली, तर प्रत्येक धाग्यावर सरासरी अर्ध्या तासाचे काम वाया जाते, म्हणजे 25,000 धागा-तास. सुरुवातीला यंत्रे उठवून सॉफ्टवेअर आणण्यात पंधरा मिनिटे गेली तर आणखी 12,500 गेले. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त फुरसत वाया गेली, आणि ही कामे फक्त एका तासाची होती. जगभरच्या जाळ्यावर सर्रास चालणारी आठ-आठ तासांची कामे इथे लावली तर एकही पूर्ण होणार नाही. फार्म व्यस्त दिसेल, विजेचे बिल येईल, आणि हाती शून्य लागेल. मी हे प्रत्यक्ष घडलेले पाहिले आहे, आणि वापराचा आलेख इतका सुंदर दिसत होता की दोन आठवडे कुणाला शंकाही आली नाही.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, काम गोठवून ठेवायचे आणि पुढच्या फुरसतीत तिथूनच चालू करायचे. यात अडचण अशी की गोठलेले काम स्मृती सोडत नाही, आणि ती डिस्कवर उतरवायची तर हजारो यंत्रांनी एकदम लिहायला घेतल्यावर लागणारा वेळ हीच नवी डोकेदुखी होते. दुसरा, कामे लहान करायची. पण प्रत्येक कामाचा सुरुवातीचा खर्च ठरलेला असल्यामुळे ती फार लहानही करता येत नाहीत. तिसरा मार्ग मला सर्वांत पटतो, आणि ॲटलसने तो इव्हेंट सर्व्हिस या नावाने राबवला: कामाचे एकक फाइल न ठेवता घटना ठेवायची, आणि प्रत्येक घटना किंवा घटनांचा छोटा गट पूर्ण होताच निकाल बाहेर पाठवून द्यायचा. मग काम कोणत्याही क्षणी मारले तरी नुकसान फक्त हातात असलेल्या घटनांचे होते. इतरांच्या फार्मवर उपऱ्यासारखे राहायचे असेल तर सामान बांधूनच ठेवावे, तसा हा प्रकार आहे.

परतीइतकाच सुरुवातीचा क्षणही दगा देतो. आमच्याकडे एकदा असा बेत ठरला की पुंज काढून टाकल्याचा संदेश येताच सगळी आभासी यंत्रे आपोआप उठावीत. पहिल्या रात्री ती उठली. हजारो यंत्रांनी एकाच मिनिटात एकाच साठ्याकडून आपली डिस्क-प्रतिमा मागितली, साठा बसला, आणि त्याच्याबरोबर ते जाळेही बसले ज्यावरून डिटेक्टरच्या काही उपकरणांची देखरेख चालू होती. टकरी चालू नव्हत्या म्हणून डेटा गेला नाही, पण पाळीवरच्या लोकांनी जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही. चूक आमचीच होती. त्यानंतर प्रतिमा प्रत्येक सर्व्हरवर आधीच आणून ठेवायला आणि यंत्रे टप्प्याटप्प्याने उठवायला आम्ही शिकलो.

इथे अधिकाराचा प्रश्न येतो, आणि तो मला सॉफ्टवेअरपेक्षा महत्त्वाचा वाटतो. फार्म कुणाचा, हे ज्या क्षणी संदिग्ध होते त्या क्षणी एकत्रित वापर संपतो. नियंत्रण कक्षात बसलेल्या पाळीप्रमुखाकडे एकच कळ असली पाहिजे, आणि ती दाबताना त्याला कुणाला फोन करावा लागता कामा नये, कारणही द्यावे लागता कामा नये. सवडीच्या बाजूच्या लोकांना हे जाचक वाटते, कारण कधीकधी कळ विनाकारण दाबली जाते. वाटू द्या. ज्या ठिकाणी कळ दाबण्यापूर्वी चर्चा करण्याची प्रथा पडली तिथे ट्रिगरच्या लोकांनी पुढच्या हंगामात फार्म द्यायलाच नकार दिलेला मी पाहिला आहे. आणि फिटरची गोष्ट इथेही लागू होते: हिवाळ्याच्या थांब्यात ट्रिगरच्या लोकांना नवे कर्नल, नवी फर्मवेअर, नव्या छाननीच्या चाचण्या उरकायच्या असतात. त्यांना हवे ते दिवस आधी मागून घ्यावेत आणि उरलेल्या दिवसांवरच आपला हिशेब मांडावा. याच कारणामुळे ट्रिगर फार्मची क्षमता बहुधा हक्काच्या साधनांत धरत नाहीत. ती मिळाली तर वरकड.

टकरी चालू असतानाही फार्मचा काही भाग देता येईल का, असा पुढचा प्रश्न साहजिक आहे, कारण फार्म नेहमी सर्वांत अवघड तासासाठी बांधलेला असतो आणि भरणी जुनी होत गेली की टकरींची तीव्रता उतरते. प्रोसेसरच्या वेळेपुरते उत्तर होकारार्थी आहे. लिनक्समध्ये सीग्रुप या साधनवाटपाच्या सोयीने पाहुण्या कामाला सर्वांत खालचा अग्रक्रम दिला की ते उरलेल्या वेळावर जगते. पण प्रोसेसरचा वेळ हा सर्व्हरचा एकच भाग आहे. स्मृती मागे घेता येत नाही, ती सोडवून घ्यावी लागते. कॅशे आणि स्मृतीची वाहिनी सामायिक असते, एका कोअरवरचे दोन धागे एकमेकांचे पाय ओढतात, आणि सगळे कोअर एकदम तापले की प्रोसेसर आपला वेगही कमी करतो. त्यामुळे "पाहुणा फक्त रिकामा वेळ वापरतो" हे विधान कागदावरच खरे राहते. जीपीयूच्या बाबतीत तर मधेच काम काढून घेणे आणखी अवघड आहे. माझे मत असे की टकरी चालू असताना अर्धे-अर्धे सर्व्हर वाटून घेण्यापेक्षा काही सर्व्हर पूर्णपणे काढून द्यावेत. हिशेब थोडा उधळा वाटतो, पण रात्री तीन वाजता बिघाड शोधणारा तुम्हाला दुवा देतो.

आतापर्यंत सांगितले ते सगळे उसनवारीचे प्रकार झाले. एलएचसीबीने वेगळा विचार केला आणि मला तो या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो. 2012 मध्ये त्यांनी पहिल्या थरातून आलेल्या घटनांपैकी सुमारे 20 टक्के घटना लगेच न तपासता फार्मच्याच सर्व्हरांच्या डिस्कवर टाकून ठेवल्या आणि दोन भरण्यांच्या मधल्या वेळेत तपासल्या. म्हणजे फुरसतीत परके काम आणण्याऐवजी स्वतःचेच काम फुरसतीत ढकलले. 2015 पासूनच्या दुसऱ्या पर्वात त्यांनी छाननीचे दोन टप्पे पूर्णपणे वेगळे केले. पहिला टप्पा टकरींबरोबर चालायचा आणि निवडलेल्या घटना सुमारे 10 पेटाबाइटच्या डिस्क-बफरवर लिहायचा. मग त्याच डेटावरून काही मिनिटांत डिटेक्टरचे संरेखन आणि अंशांकन व्हायचे. हे महत्त्वाचे होते, कारण टकरबिंदूला भिडलेला त्यांचा व्हेलो हा डिटेक्टर प्रत्येक भरणीच्या वेळी दोन अर्धांत उघडतो आणि पुन्हा मिटतो, त्यामुळे त्याची जागा दर वेळी नव्याने मोजावी लागते. दुसरा टप्पा त्यानंतर, टकरी चालू असोत वा नसोत, बफर रिकामा होईपर्यंत सवडीने चालायचा, आणि त्याची पुनर्रचना सवडीच्या पुनर्रचनेइतकीच चांगली असायची. ती इतकी चांगली ठरली की टर्बो नावाच्या प्रवाहात त्यांनी निवडलेल्या कणांची माहिती ठेवून मूळ कच्चा डेटा टाकून द्यायला सुरुवात केली.

इथे नीट थांबून पाहा. मधे पुरेसा मोठा बफर आला आणि तत्काळ व सवडीचे यांतली भिंतच बरीचशी नाहीशी झाली. "या घटनेवर अर्ध्या सेकंदात निर्णय घे" ही अट "बफर भरण्याआधी निर्णय घे" अशी सैल झाली, आणि फार्म सर्वांत अवघड तासासाठी बांधण्याऐवजी आठवड्याच्या सरासरीसाठी बांधता आला. बेळगाव शहराला राकसकोपचे पाणी जलाशयामुळे वर्षभर मिळते; पावसाळ्यात मार्कंडेय नदीतून जे वाहते त्याच वेगाने प्यायचे ठरवले असते तर नळाला जूनमध्ये पूर आणि मार्चमध्ये कोरड आली असती. बफरचा एक तोटा मात्र सांगायला हवा. पहिल्या टप्प्यातली चूक आता दोन दिवसांनी उघडकीस येऊ शकते, आणि तोपर्यंत तीच चूक घेऊन पेटाबाइटच्या पेटाबाइट साठलेले असतात.

तिसऱ्या पर्वात एलएचसीबीने इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला थर पूर्ण काढून टाकला. सेकंदाला सुमारे 3 कोटी छेदनांचा, म्हणजे अंदाजे 4 टेराबाइटचा, सगळा प्रवाह आता थेट सर्व्हरांत येतो आणि त्यांतल्या जीपीयूंवर ॲलन नावाचे सॉफ्टवेअर पहिली छाननी करते. बफर आणि दुसरा टप्पा यांची कल्पना तीच राहिली.

ॲलिस त्याच ठिकाणी दुसऱ्या वाटेने पोहोचले, आणि त्यांना पर्यायही नव्हता. त्यांच्या मुख्य डिटेक्टरच्या वायुकक्षात इलेक्ट्रॉनांना टोकापर्यंत वाहत जायला सुमारे 100 मायक्रोसेकंद लागतात, आणि शिशाच्या अणुकेंद्रांच्या टकरी सेकंदाला 50,000 या वेगाने होत असतील तर सरासरी दर 20 मायक्रोसेकंदांनी नवी टक्कर येते. म्हणजे कोणत्याही क्षणी कक्षात पाच-एक टकरींचे मार्ग मिसळलेले असतात. यातून एक घटना उचला आणि बाकीच्या सोडा असे ट्रिगरला सांगताच येत नाही. म्हणून त्यांनी निवड सोडून दिली आणि अखंड वाचन स्वीकारले: सेकंदाला सुमारे 3.5 टेराबाइट. हा डेटा ओ-टू नावाच्या यंत्रणेत, प्रत्येकी 8 जीपीयू असलेल्या सुमारे 350 सर्व्हरांवर, मार्ग शोधून त्याच्याच आधारे दाबून लहान केला जातो. नावातला दोनचा आकडा ऑनलाइन आणि ऑफलाइन या दोन शब्दांचा आहे. टकरी नसताना, किंवा प्रोटॉनांच्या हलक्या टकरी चालू असताना मोकळ्या राहिलेल्या सर्व्हरांवर, तीच यंत्रणा साठवलेल्या डेटाची अंतिम पुनर्रचना करते. इथे पाहुणा कुणीच नाही. दोन्ही पाळ्या घरच्यांच्याच.

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट आधी साधलेली होती, ती म्हणजे दोन्ही बाजूंचे सॉफ्टवेअर एकच असणे. सीएमएसमध्येही छाननी आणि पुनर्रचना एकाच सॉफ्टवेअर चौकटीत लिहिली जाते. पण फार्मवर जीपीयू आले आणि जगभरच्या अनेक केंद्रांवर ते नाहीत, त्यामुळे तोच अल्गोरिदम दोन्हींवर चालेल अशा पद्धतीने लिहावा लागतो. त्यासाठी सीएमएसने अल्पाका ही लायब्ररी स्वीकारली. तरीही जीपीयूवर बेरजांचा क्रम बदलतो, शेवटच्या दशांशात फरक पडतो, आणि उंबरठ्यावरची एखादी घटना एकीकडे निवडली जाते व दुसरीकडे वगळली जाते. असा फरक किती टक्के घटनांत चालेल, हे भौतिकशास्त्रज्ञांनी ठरवायचे असते, आणि ते ठरवायला त्यांना बसते करणे हे या क्षेत्रातले सर्वांत वेळखाऊ काम आहे.

पार्किंग नावाचा एक सुटसुटीत प्रकारही आहे. सीएमएसने 2018 मध्ये भरणी उतरत जाईल तसे ट्रिगरचे उंबरठे खाली आणले आणि बी-मेसॉन या कणांच्या अभ्यासासाठी 10 अब्जांहून अधिक घटना साठवून ठेवल्या, ज्यांची पुनर्रचना पुढे सवडीने केली. फार्मची उतरती गरज आणि नंतरचा दीर्घ थांबा, दोन्हींचा त्यात उपयोग झाला.

या सगळ्यात वीज फुकट नसते. 2022 मध्ये युरोपातील ऊर्जाटंचाईमुळे सर्नने त्या वर्षीचा हंगाम दोन आठवडे आधी, 28 नोव्हेंबरलाच, थांबवला. जुना सर्व्हर रिकामा आहे म्हणून त्यावर काम लावणे आणि तेच काम नव्या, कमी वीज खाणाऱ्या सर्व्हरवर थोडे थांबून करणे, यांत दुसरे स्वस्त पडू शकते. 2030 च्या सुमारास अधिक तीव्रतेचा त्वरक सुरू होईल तेव्हा सीएमएसच्या फार्मवर सेकंदाला 1 लाखाऐवजी साडेसात लाख घटना येतील आणि एकेका छेदनात 200 पर्यंत टकरी मिसळलेल्या असतील. एवढा मोठा फार्म वर्षातला निम्मा काळ बंद ठेवणे कुणालाच परवडणार नाही, म्हणून त्याची आखणी करतानाच सवडीचे काम गृहीत धरावे लागेल.

आता तुमचा प्रकल्प. पंचवीस-तीस संगणक पुरेसे आहेत, आणि दिवसा त्यांवर प्रात्यक्षिके चालतात ही अडचण नसून सोय आहे, कारण मागे घेण्याचा हक्क असलेला मालक तुम्हाला आयता मिळतो. कामांच्या वाटपासाठी एचटीकॉन्डर वापरा. रिकाम्या टेबलावरच्या संगणकांचा वेळ गोळा करण्यासाठीच ते विस्कॉन्सिन विद्यापीठात जन्मले आहे. पाहुणे काम म्हणून जिऑन्ट-फोर या मोफत सॉफ्टवेअरने साध्या शिशाच्या ठोकळ्यातून जाणाऱ्या कणांचे सिम्युलेशन लावा. यजमान काम म्हणून यादृच्छिक अंतराने येणाऱ्या घटनांवर ठरावीक गणित करणारा छोटा प्रोग्राम स्वतः लिहा. खऱ्या घटना हव्या असतील तर सर्नच्या मुक्त डेटा पोर्टलवर 2014 पासून त्या उपलब्ध आहेत.

मग मोजा एकच गोष्ट: मागणी केल्यापासून संगणक परत मिळेपर्यंतचा वेळ. सरासरी काढून थांबू नका. तीसपैकी अठ्ठावीस संगणक दहा सेकंदांत परत आले आणि दोन चार मिनिटांनी आले, तर फार्मच्या दृष्टीने उत्तर चार मिनिटे आहे. काम मारणे, गोठवणे आणि फक्त अग्रक्रम उतरवणे या तीन पद्धती पाच, वीस आणि साठ मिनिटांच्या कामांवर करून पाहा, आणि प्रत्येक वेळी किती काम वाया गेले तेही नोंदवा. 8 गिगाबाइट स्मृतीच्या संगणकावर गोठवण्याची पद्धत कुठे कोसळते ते तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसेल.

त्यानंतर बफर जोडा. एका संगणकावर 1 मेगाबाइटच्या 20 घटना दर सेकंदाला येत असतील आणि डिस्कवर 500 गिगाबाइट मोकळे असतील, तर डिस्क भरायला सुमारे 25,000 सेकंद, म्हणजे जवळजवळ सात तास लागतात. महाविद्यालयाचा अख्खा दिवस त्यात मावतो आणि तपासणी संध्याकाळी प्रात्यक्षिके संपल्यावर सुरू करता येते. फक्त या घटना एका मध्यवर्ती संगणकावरून पाठवण्याच्या फंदात पडू नका. प्रयोगशाळेतील गिगाबिट जोडणीतून सेकंदाला सव्वाशे मेगाबाइटपेक्षा जास्त जाणार नाही आणि सहा संगणकांतच ती भरेल. घटना तयार करणारा प्रोग्राम प्रत्येक संगणकावरच ठेवा, आणि वीज गेल्यावर बफरमधली अर्धवट लिहिलेली शेवटची फाइल ओळखून टाकून देण्याची सोय पहिल्या आठवड्यातच करा. पावसाळ्यात ती तुम्हाला लागेलच.